स्वस्त प्रोसेसर आणि मातीचा कोंबडा

एल आल्तो, २६ जानेवारी

डानिट्सा,

चुन्योच्या पिशवीखाली हे पत्र सापडलं म्हणून लगेच फाडू नकोस. आधी वाच, मग फाड; निदान कशावर चिडायचं ते तरी नीट कळेल. फोनवर नंबर अडवून तू मला दार बंद केलंस. पण तुझी आई बसने सुक्रेला जे खोकं पाठवते, त्याला तू दार बंद करू शकत नाहीस, आणि गोठवून वाळवलेल्या त्या बटाट्यांवाचून तुझं पान हलत नाही हे मला ठाऊक आहे. तुझ्या आईला, बासिलिया मावशीला, विचारूनच पत्र आत घातलंय. ती म्हणाली, "घाल. मी वाचणार नाही, माझा चष्मा घरी राहिलाय." चष्मा तिच्या डोक्यावर होता.

कामाचं आधी सांगतो. तुझा जुना कॉम्प्युटर मेला, हे मावशीकडून कळलं. मंडईच्या इमारतीचा तुझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मार्चअखेर दिला नाहीस तर अख्खं वर्ष पुन्हा काढावं लागेल, हेही कळलं. आणि तू फोनवर आईला म्हणालीस म्हणे, "कॉम्प्युटरचं कुणालाही विचार, पण लिम्बर्टला विचारू नकोस." मावशीने शांतपणे ऐकून घेतलं, गाड्यावरचं आपिचं, त्या गरम मक्याच्या पेयाचं, पातेलं उतरवलं, आणि सरळ मी काम करतो त्या कॉम्प्युटरच्या दुकानात आली.

"पोरा, पैसे एकाच यंत्रापुरते आहेत," ती म्हणाली. "चूक करायला दुसरे नाहीत. एक नवा स्वस्त प्रोसेसर येतोय म्हणतात. घ्यावा का?"

मी म्हणालो, "मावशी, स्वस्त ते स्वस्तच. पोरीचं वर्ष पणाला लागलंय आणि तुम्ही खेळणं घेणार?"

"मी विचारलं घ्यावा का. ओरड असं नाही म्हटलं."

मग मी तुला काय काय चालवायचंय ते लिहून घेतलं. (हो, ऐकतो मी कधीकधी.)

परवा शनिवारी दुपारी बाराच्या ठोक्याला ती आलासितासच्या जत्रेत होती, आणि पिशव्या उचलायला मी. ज्याची आस धरायची त्याची चिमुकली प्रतिकृती बाराला घ्यायची, धूप दाखवायचा, म्हणजे वर्षाच्या आत खरं घरी येतं. तुला मी काय सांगणार, लहानपणी याच जत्रेतून तू काडेपेटीएवढी घरं गोळा करायचीस आणि आता खरी घरं काढतेस. मावशीने तुझ्यासाठी पुठ्ठ्याचा कॉम्प्युटर घेतला. मग जराशी थांबली आणि मातीचा कोंबडाही घेतला. लग्नाच्या मुलीला कोंबडा, मुलाला कोंबडी, आणि जोडी जमली की दोन्ही एका फळीवर. मावशीचा यावर फार विश्वास. मी काही म्हणेपर्यंत माझ्या हातात कोंबडी आलीसुद्धा. "घे," म्हणाली, "हिच्यावर तरी खेकसू नकोस."

तुझा कोंबडा याच खोक्यात आहे, मोज्यात गुंडाळून. मी त्याबद्दल काही म्हणत नाही. मावशीने ठेवलाय.

सुरू केलेलं काहीतरी एकदा पुरं करून दाखव, मग माझ्याशी बोल, असं तू म्हणाली होतीस. मास्तरापुढे पेचकस आपटून मी कॉलेज सोडलं, पुरं केलं नाही. हे यंत्र पुरं करीन. पत्र इथवर वाचलं असशील तर तुझे आभार.

लिम्बर्ट


एल आल्तो, ८ फेब्रुवारी

डानिट्सा,

मागचं पत्र तू फाडलं नाहीस. मावशीने फोनवर विचारलं, "खोक्यात सगळं नीट होतं ना?" तर तू म्हणालीस, "बटाटे नीट होते. बाकीचं अक्षर वाईट होतं." हे मावशीने मला तीनदा सांगितलं. अक्षर वाईट आहे हे मान्य. आभारी आहे.

तो नवा प्रोसेसर अजून आलेला नाही. माल चिलीतल्या इकिकेच्या बंदरातून निघाला आणि आंदोलकांनी वाटेतच अडवला. ट्रकवाले तिथेच चुली मांडून बसलेत. तोवर मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचतोय, आणि मला माझे शब्द थोडे गिळावे लागतील असं दिसतंय. तुझ्या वर्गातल्या त्या रेनानने सुचवलेलं यंत्रही मी मावशीच्या फोनवर पाहिलं. त्याच्या ओळखीच्या कुणाचं तरी वापरलेलं, मोठ्या ग्राफिक्स कार्डाचं. रेनान चांगला मुलगा असेल. मी काही म्हणत नाही. पण त्याच्या त्या मित्राने ते कार्ड दिवसरात्र कशासाठी तापवलंय हे कोण सांगणार? वापरलेलं कार्ड म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेली भाकरी. बरं, मी काही म्हणत नाही म्हणालो आणि म्हणालो.

नव्याचं असं आहे. सहा कोअर, आणि चित्रं दाखवायचं काम करणारा भाग पोटातच, म्हणजे वेगळं कार्ड लागत नाही. वाईट बाजू ही की त्याला नवा मदरबोर्ड लागतो आणि रॅमही नवी. तुझ्या जुन्या डब्यातलं काहीच चालणार नाही. एवढ्याच पैशात गेल्या पिढीतला थोरला प्रोसेसर येतो, तोही जोरदार, पण त्याच्या बोर्डाची वाट तिथेच संपते. दोन वर्षांनी काही वाढवायचं म्हटलंस तर सगळंच फेकावं लागेल. नव्या बोर्डात मात्र पुढे मोठा प्रोसेसर बसवता येईल.

हे सगळं मी मावशीला सांगितलं. ती पेस्ट्या, त्या चीज भरलेल्या पुऱ्या, तळत होती. म्हणाली, "म्हणजे आज छोटं घर, पण वर मजला चढवता येईल असं?"

"अगदी तसंच."

"मग एवढा वेळ इंग्रजीत का बोलत होतास?"

रोज सकाळी ती मला जांभळ्या मक्याचं आपि देते, पैसे घेत नाही. मी म्हणालो घ्या, तर म्हणाली, विचार करणाऱ्याला गरम लागतं. डानिट्सा, कॉलेज सोडल्यापासून कुणी मला 'विचार करणारा' म्हटलं नव्हतं. वडील तर मला अजून 'ते आमचं ते' म्हणतात.

आमचे ग्रोव्हरकाका, म्हणजे दुकानाचे मालक, मला विचारत होते, "एक डबा विकायचाय का मुलगी द्यायची आहे? किती ती चौकशी!" मी भडकलो. नंतर त्यांनाही आपि नेऊन दिलं.

लिम्बर्ट


एल आल्तो, १९ फेब्रुवारी

डानिट्सा,

घेऊ नका. हे सर्वांत आधी वाच: घेऊ नका.

रस्ता उघडला, माल आला, आणि कार्निव्हलच्या आदल्या दिवशी मी तो बोर्डावर चढवला. नुसता चालू करून पाहिला, बंद केला. मंगळवारी चाल्ला, बिअर शिंपडून आशीर्वाद मागायचा सण. अख्ख्या बाजाराने आपापली दुकानं सजवली. तू असतीस तर आवडलं असतं. ग्रोव्हरकाकांनी चारही कोपऱ्यांत बिअर शिंपडली, प्रत्येक यंत्राला कागदी माळ घातली. मावशी मुद्दाम आली, टोपी नवी, हातात रंगीत कागदी टिकल्यांची बशी. "माझ्या पोरीचं यंत्र कुठलं?" म्हणाली. मी झाकणाविना पडलेला बोर्ड दाखवला. तिने त्याच्यावर मूठभर टिकल्या उधळल्या, पेल्यातली बिअर आधी जमिनीला दिली, मग थोडी त्याला, आणि काहीतरी पुटपुटली. तुझं नाव ऐकू आलं. मी आभार मानले. मीही दोन पेले घेतले होते, खोटं कशाला बोलू.

बुधवारी दुपारी तुझ्यासारखंच एक मंडईचं मॉडेल घेतलं आणि रेंडरला, म्हणजे त्याचं रंगीत चित्र काढायला, लावलं. सुरुवात बरी झाली. मग काय तापला म्हणतेस! तापला की आपणहून वेग कमी करतो, तो इतका कमी की मी केस कापून आलो तरी छपराचा एक कोपरा रंगवून झाला नव्हता. आज पुन्हा केलं. पुन्हा तेच. हा प्रोसेसर म्हणजे लग्नात नाचायला आलेला आणि पहिल्या गाण्याला धाप लागलेला पाहुणा.

मी बनवणाऱ्यांना शिव्या दिल्या, ग्रोव्हरकाकांना दिल्या, आणणाऱ्या ट्रकवाल्यालाही दिल्या. काका म्हणाले, "कॉलेजात मास्तर वाईट, इथे प्रोसेसर वाईट. नशीबच खोटं दिसतंय तुझं." मी पेचकस आपटून बाहेर गेलो.

मी मावशीला सांगितलंय की हे नको. ती फक्त "बरं" म्हणाली. तिला वाटलं होतं हेच घ्यावं. तिचा चेहरा पडला तो माझ्यामुळे नाही, त्या भिकार चिपमुळे. रेनानचं यंत्र घ्यायचं तर घ्या. तुझं वर्ष वाचलं म्हणजे झालं. हे लिहिताना माझे दात एकमेकांवर आहेत, पण लिहितोय.

लिम्बर्ट


एल आल्तो, २३ फेब्रुवारी

डानिट्सा,

मागचं पत्र फाड. हे फाडू नकोस.

शनिवारी मी तो प्रोसेसर परत पाठवायला काढत होतो. रागाने. कूलरचे स्क्रू सैल केले आणि असा हिसडा मारला की कूलर हातात आला. उलटा केला. पंख्याच्या खाली, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांच्या फटीत, गुलाबी टिकल्या. गच्च. बिअरने ओल्या होऊन अशा चिकटल्या होत्या की जणू कुणी डिंकाने बसवल्या. पंखा वरून छान फिरत होता म्हणून मला शंकाच आली नाही. वारा होता, पण जायला वाट नव्हती. बोर्डावर बिअर गेली नाही हे आपलं भाग्य, किंवा मावशीच्या मंत्राची कृपा.

मी त्या टिकल्या चिमट्याने एक एक काढल्या. पट्ट्या अल्कोहोलने धुतल्या, चिपवर उष्णता वाहून नेणारा नवा लेप लावला, पुन्हा बसवलं, आणि काल संध्याकाळी तेच मॉडेल तसंच लावलं. डानिट्सा, चालला! शेवटपर्यंत चालला. तापला, पण आपल्या मर्यादेत, वेग सोडला नाही. इथे, चार हजार मीटरवर, जिथे हवा इतकी विरळ की माणसाचीही छाती भरत नाही, तिथे चालला. सुक्रेत तर आणखी सुखाने चालेल. रेंडर झालेली मंडई बघून मी भर दुकानात ओरडलो. काका म्हणाले, "आता काय फुटलं?"

पण तोवर उशीर झाला होता. मावशीने तुला सांगितलेलं, तू रेनानला सांगितलेलं, आणि सोमवारी सकाळी म्हणजे आज पैसे त्याच्या मित्राला जाणार होते. तुला फोन लागत नाही. पत्र बसने जाणार. म्हणून मी सकाळीच मावशीच्या गाड्यावर गेलो. ती बँकेत जायला निघालेली, पैसे पोलक्यात.

"मावशी, थांबा. तोच घ्यायचा."

"परवा म्हणालास भिकार."

आता बघ. मी काय सांगू तिला? की तुमच्या हाताने घातलेल्या टिकल्यांनी त्याचा गळा धरला होता? तुमच्या आशीर्वादाने? तिने तो मंत्र तुझं नाव घेऊन म्हटला होता. माझ्या तोंडून ते येईना.

"मी चुकलो," मी म्हणालो. "कूलर मीच नीट बसवला नव्हता. चूक माझी."

तिने पिशवी खाली ठेवली. बाजूच्या भाजीवालीला हाक मारली. "अगं ऐकलंस का? लिम्बर्ट म्हणतोय मी चुकलो. पुन्हा म्हण रे, हिला ऐकू आलं नाही."

मी पुन्हा म्हणालो. भाजीवालीने टाळ्या वाजवल्या.

मग मावशीने माझ्याकडे नीट पाहिलं. "पोरा, एकदा नको म्हणालास, एकदा हवं म्हणालास. तिसऱ्यांदा काय म्हणणार?"

"तिसऱ्यांदा काही नाही. यंत्र मी बांधीन, डानिट्साचीच फाइल घालून तुमच्यासमोर चालवून दाखवीन. नाही चाललं तर माझा पगार तुमचा, आणि मी या रस्त्यावर पुन्हा दिसणार नाही."

"पगार ठेव. रस्त्यावर दिस." आणि तिने पैसे माझ्या हातावर ठेवले. मोजले नाहीत. मीही मोजले नाहीत.

टिकल्यांचं तिला सांगू नकोस. तुला खरं सांगितलं, कारण तुझ्यासमोर खोटं टिकत नाही. आणि रेनानला माझ्या वतीने धन्यवाद सांग. तुझ्यासाठी धावपळ त्यानेही केली. हे वाक्य मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलंय.

तुझी फाइल मावशीच्या फोनवर पाठव. माझ्या नको, तिच्या.

लिम्बर्ट


एल आल्तो, ६ मार्च

डानिट्सा,

फाइल मिळाली. तुझी मंडई पाहिली. आपि विकणाऱ्या बायकांसाठी वाऱ्याच्या आड ओटे केलेस, वर धूर जायला वाट ठेवलीस. मी मावशीला स्क्रीनवर दाखवलं. तिने बोट लावलं आणि म्हणाली, "ही जागा माझी." मग चष्मा पुसत बसली. ओटा आणखी जरा उंच हवा म्हणाली, कंबर धरते.

रेंडर पूर्ण झाला. ती शेवटपर्यंत स्टुलावर बसून होती, पातेल्यावर लक्ष ठेवावं तशी.

तर माझा निकाल, नीट, ओरडा न करता: घेण्यासारखा आहे. खेळांचे शौकीन नाकं मुरडतील, मुरडू देत. अवजड मॉडेल लावलंस तर त्याला वेळ लागेल. रात्रभर लावून झोप, तो सकाळी देईल. घाई करणार नाही, पण अर्ध्यावर सोडणारही नाही. रॅम दोन पट्ट्यांत घातलीय, कारण पोटातल्या ग्राफिक्सला एका पट्टीवर जेवण पुरत नाही. कूलर काकांनी त्याच किमतीत जरा मोठा दिला, वर यापा, म्हणजे फुकटची भर, म्हणून एक माऊस. मी त्यांना शिव्या दिल्या होत्या त्या त्यांनी धरून ठेवल्या नाहीत. त्यांचे आभार मी तोंडावर मानू शकलो नाही, त्यांचं शटर ओढून दिलं.

झाकण लावल्यावर मावशी पुन्हा बशी घेऊन हजर. मी झाकणाचे सगळे स्क्रू आधीच आवळले होते. "बाहेरून," मी म्हणालो, "हवं तेवढं." तिने माळ घातली, टिकल्या उधळल्या. पण ऐक: आत, वारा जात नाही अशा कोपऱ्यात, मी एक गुलाबी टिकली चिकटवून ठेवलीय. तिच्या हातचं काहीतरी आत असायला हवं.

यंत्र ती स्वतः आणतेय. बसच्या टपावर टाकू देणार नाही म्हणते. फोममध्ये गुंडाळून आवायोच्या रंगीत कापडात पाठीवर बांधलंय, तुला लहानपणी बांधायची तसं. गाडीतळावर एकाने विचारलं, "आजी, नातू का नात?" ती म्हणाली, "अजून रडलं नाही, कळेल." हे पत्र तिच्या पोलक्यात आहे.

मी आलो नाही. तू बोलावलं नाहीस.

लिम्बर्ट


एल आल्तो, ९ एप्रिल

डानिट्सा,

प्रकल्प वेळेत दिलास, पास झालीस, हे मावशीने मला असं सांगितलं: दुकानात आली, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "चालला!" काकांना वाटलं मीच कुठेतरी चाललो.

आज खोकं परत आलं. रिकामं खोकं परत पाठवायचं नाही, हे तू विसरली नाहीस. मावशीसाठी चॉकलेटं आणि चोरिसो सॉसेज. तिने ते काढले, तळाशी हात घातला, आणि मोज्याची गुंडाळी माझ्यापुढे धरली. "हे माझं नाही," म्हणाली.

मोज्यात कोंबडा होता. सोबत तुझी एवढीच ओळ: "हा इथे एकटा आरवतो, झोप लागत नाही. तिकडेच ठेव."

मी ती ओळ दोनदा वाचली. मावशी पेस्ट्या उलटत होती. न बघताच म्हणाली, "त्या टिकल्या गुलाबी होत्या ना, कूलरमधल्या?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तू पैसे न्यायला आलास त्या सकाळीच कळलं. तुझ्या बाहीला दोन चिकटल्या होत्या. म्हटलं बघू, हा कुणाच्या अंगावर ढकलतो." मग तिने मला पेस्टी दिली, गरम, वर भरपूर साखर. "तू स्वतःवर घेतलंस हे पोरीला सांगितलं मी. फोनवर. म्हणाली, 'पुन्हा सांग.' मला वाटलं फोन तुटतोय."

मावशीचे आभार मानायला गेलो तर शब्द येईनात. भांडताना कधी कमी पडले नव्हते. शेवटी तिचं पातेलं घासून दिलं. ती म्हणाली, "तळही घास."

तुझे आभार मानायला तरी ही पत्रं आहेत. माझं वाईट अक्षर वाचल्याबद्दल, फाइल पाठवल्याबद्दल, 'पुरं करून दाखव' या तुझ्या वाक्याबद्दलही, जे तेव्हा मला फार लागलं होतं. कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गांची नोंदणी जुलैत आहे. तिथे तोच मास्तर आहे. मी जाऊन आलो. तो म्हणाला, "पेचकस आणू नकोस." मी हसलो, तोही.

दुकानातल्या माझ्या फळीवर कोंबडी इतके दिवस भिंतीकडे तोंड करून होती. आज तिला फिरवली. कोंबडा शेजारी ठेवला. काकांनी पाहिलं, फळीवरची धूळ फुंकली आणि आपला बोर्डांचा डबा उचलून दुसरीकडे नेला, दोघांना जागा व्हावी म्हणून.

आता दुकानात शांत आहे. आरवत नाही तो. तू झोप.

लिम्बर्ट